घरातले गुपित: त्याचे परिणाम आणि ते उघड करण्याची रीत

ज्या माहितीशी दुसऱ्याचे हित जोडलेले आहे ती माहिती त्याच्यापासून जाणूनबुजून दडवली, की तिचे गुपित होते. खाजगी बाब वेगळी. आपला पगार शेजाऱ्याला न सांगणे ही खाजगी बाब आहे. पगार बंद झाला हे बायकोला न सांगणे हे गुपित आहे. एखादी गोष्ट लपवावी की सांगावी, हे ठरवण्यासाठी एक प्रश्न पुरतो: ही गोष्ट न कळल्यामुळे समोरच्या माणसाच्या पैशाचे, आरोग्याचे किंवा सुरक्षिततेचे नुकसान होणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती गोष्ट त्याला कळायलाच हवी.

सुरतेतल्या मराठी वस्त्यांना हा विषय जवळचा आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कोणी लूमच्या खात्यात आहे, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी साड्यांच्या मार्केटमध्ये, तर कोणी हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसतो. बहुतेकांची मजुरी नगावर किंवा मीटरवर ठरते, त्यामुळे काम कमी झाले की कमाई त्याच आठवड्यात घटते. गावाकडे मात्र ‘मुलगा सुरतेला आहे’ या शब्दांना वजन असते. ते वजन सांभाळण्याच्या नादात तीन गोष्टी हमखास लपवल्या जातात: गेलेले काम, वाढलेले कर्ज आणि जडलेला आजार. चौथी गोष्ट लहान मुलांवरच्या अत्याचाराची. ती सर्वांत खोल दडपली जाते.

मनावर आणि शरीरावर होणारा परिणाम

समोरच्याने विचारल्यावर उत्तर टाळणे हाच गुपिताचा खरा त्रास, असा सर्वसाधारण समज आहे. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन आणि त्यांचे सहकारी यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगळे चित्र दिसले. गुपित प्रत्यक्ष लपवण्याचे प्रसंग कमी येतात. एकटे असताना मन त्याकडे पुन्हा पुन्हा वळते, ते त्याहून कितीतरी अधिक वेळा. आणि माणूस खचतो तो या वळण्याने. कोणी काही विचारत नसतानाही झोप का उडते, जेवणावरून मन का उठते, मुलाच्या साध्या प्रश्नावर राग का येतो, याचे उत्तर यात सापडते.

विचार दाबून टाकणे हाही उपाय नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये काही लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून पाहिले. ते अस्वल त्यांच्या मनातून हटेना. पुढच्या अभ्यासात त्यांनी दाखवले की गुपिताचेही तसेच होते. जेम्स पेनेबेकर यांनी 1984 मध्ये आत्महत्येमुळे किंवा अपघातामुळे जोडीदार गमावलेल्यांचा अभ्यास केला. ज्यांनी आपल्या माणसांजवळ मन मोकळे केले, त्यांच्या तब्येतीच्या तक्रारी इतरांहून कमी निघाल्या. गुपित बाळगणाऱ्याचे डोके दुखते, पित्त वाढते, रक्तदाब चढतो आणि औषधे घेऊनही गुण येत नाही, तेव्हा मनावरचे हे ओझेही तपासायला हवे.

गेलेले काम आणि वाढते कर्ज

जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेत घडतात, असे मानले जाते. हा धंदा गेल्या काही वर्षांत मंदीत सापडला. रशिया-युक्रेन युद्ध, रशियन हिऱ्यांवर जी-7 देशांनी 2024 पासून घातलेली बंदी, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांचे कोसळलेले भाव आणि ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले 50 टक्के आयातशुल्क, अशी एकामागून एक संकटे आली. दिवाळीची सुटी लांबली, आठवड्याचे कामाचे दिवस घटले, छोटे कारखाने बंद पडले. जुलै 2024 मध्ये डायमंड वर्कर्स युनियन, गुजरात या संघटनेला रत्नकलाकारांसाठी, म्हणजे हिरे घडवणाऱ्या कारागिरांसाठी, आत्महत्या रोखणारी हेल्पलाइन सुरू करावी लागली. फोन करणाऱ्यांच्या अडचणी रोजच्याच होत्या: काम नाही, घरभाडे थकले, मुलांची फी राहिली, कर्जाचे हप्ते चुकले.

अशा घरात गुपित कसे वाढते, त्याचा क्रम ठरलेला असतो. काम सुटते तेव्हा कारागिराला वाटते, महिनाभरात दुसरीकडे लागेल, उगाच घरात काळजी कशाला. तो रोजच्या वेळेला डबा घेऊन निघतो, दिवसभर नाक्यावर, बागेत किंवा ओळखीच्या दुकानात बसतो आणि रोजच्या वेळेला परततो. पगाराच्या तारखेला घरात पैसे द्यावे लागतात, म्हणून तो हातउसने घेतो. पुढच्या महिन्यात क्रेडिट कार्ड, मग मोबाइलवरचे लोन ॲप, मग डायरीवर रोजची वसुली करणारा व्याजवाला. घरात मात्र खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो. गावाकडच्या लग्नाचा आहेर ठरतो, गणपतीची वर्गणी दिली जाते, नव्या गाडीचा विषय निघतो. बायको दुपारभर साड्यांना लेस लावून आणि टिक्क्या चिकटवून मिळवलेले पैसे भिशीत टाकत असते. घरावर किती देणे आहे हे तिला माहीत असते, तर ते पैसे तिने आधी व्याज थांबवायला वापरले असते.

गुपिताची किंमत आकड्यांत मांडता येते. शेकडा दहा रुपये महिना या दराने 50,000 रुपये घेतले आणि न फेडलेले व्याज मुदलात चढत गेले, तर तीन महिन्यांनी देणे 66,550 रुपये होते, सहा महिन्यांनी सुमारे 88,578 आणि वर्षाने सुमारे 1,56,921. पहिल्या महिन्यात हे घरात कळले असते, तर एखादा दागिना बँकेत तारण ठेवून किंवा भावाकडून घेऊन कर्ज मिटले असते. वर्षानंतर तोच दागिना विकूनही ते मिटत नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यापारात उपयोगाची असेल. कर्जाच्या बाबतीत ती मूठ झाकलेली ठेवणाऱ्यालाच सव्वा लाख भरावे लागतात.

गुपितामुळे धमकावणाऱ्याच्या हातात काठी जाते. बनावट लोन ॲपवाले फोनमधली नावांची यादी उचलतात आणि ‘सासऱ्यांना कळवू, शेठला फोटो पाठवू’ असे धमकावून वसुली करतात. घरच्यांना आधीच सांगितलेले असेल, तर या धमकीची धारच जाते. अशा वेळी पैसे न भरता राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन 1930 वर तक्रार करावी. बँक किंवा वित्तसंस्थेच्या वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गुजरातमध्ये सावकारीसाठी 2011 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. बिगरपरवाना व्याजवाल्याविरुद्ध पोलिसांत जाता येते. हे हक्क कर्जदारालाच आहेत, पण कर्ज लपवणारा माणूस तक्रारही लपवतो, आणि हक्क कागदावरच राहतात.

घरकर्जाचेही तसेच. हप्ते 90 दिवसांहून जास्त थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक 60 दिवसांची नोटीस देऊन तारण जप्तीच्या मार्गाला लागू शकते. कित्येक घरांत हप्ते थकल्याचे पहिल्यांदा कळते ते दारावर नोटीस चिकटल्यावर. बायको सहकर्जदार असेल, तर कायद्याने देणे तिचेही असते, माहिती असो वा नसो. नोटिशीआधी बँकेत जाऊन हप्ता कमी करणे किंवा मुदत वाढवणे याबद्दल बोलता येते. नोटिशीनंतर तो वाव आक्रसतो.

लपवलेली बेकारी सरकारी मदतीलाही मुकवते. गुजरात सरकारने मे 2025 मध्ये बेकार रत्नकलाकारांच्या मुलांची एका वर्षाची शाळेची फी, कमाल 13,500 रुपयांपर्यंत, भरण्याची योजना जाहीर केली. अशा योजनेचा लाभ घ्यायचा तर काम गेले आहे हे अर्जावर लिहावे लागते, शाळेचे कागद गोळा करावे लागतात. घरातच जो काम चालू असल्याचे दाखवतो, तो हा अर्ज कुठल्या तोंडाने भरणार?

लपवलेला आजार

दुखणे अंगावर काढण्याची सवय कष्टकरी घरांत जुनी आहे. संसर्गजन्य आजारात ती साऱ्या घराला भोवते. क्षयरोग झाला आणि उपचार घेतले नाहीत, तर एक रुग्ण वर्षभरात जवळच्या पाच ते पंधरा जणांना संसर्ग देऊ शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एका खोलीत सहा-आठ कामगार राहतात, तिथे या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत, साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि पोषणासाठी महिना 1,000 रुपये थेट खात्यात जमा होतात. आजार घरात सांगितला तर घरच्यांचीही तपासणी होते आणि गरजेप्रमाणे त्यांना प्रतिबंधक औषध मिळते. लपवला तर लहान मूल आणि म्हातारी आई यांचा नंबर आधी लागतो.

एचआयव्हीच्या बाबतीत लाज आणखी मोठी असते आणि नुकसानही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका 15 ते 45 टक्के असतो. वेळेवर उपचार मिळाले तर तो 5 टक्क्यांखाली येतो. पतीने आपला आजार गरोदर पत्नीला सांगितला नाही, तर बाळाला वाचवण्याची ही संधी हातची जाऊ शकते. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. तपासणी आणि उपचारांच्या माहितीसाठी 1097 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

खरी माहिती वेळेवर आणि खात्रीने हाती आली नाही की काय होते, हे सुरत शहराने सप्टेंबर 1994 मध्ये भोगले आहे. तापीच्या पुरानंतर वेड रोड भागात न्यूमोनिक प्लेगचे रुग्ण आढळले. मृतांचा अधिकृत आकडा पन्नाशीच्या आसपास होता, पण हजारो माणसे मेल्याच्या आणि पाण्यात विष कालवल्याच्या अफवा पसरल्या. काही दिवसांत लाखो माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. शहर सोडणाऱ्यांत रुग्णालयातून निघून गेलेले रुग्णही होते. टेट्रासायक्लिनसारखे साधे औषध या रोगावर चालत होते. ते घेण्यासाठी आजार कबूल करणे आणि दवाखान्यात थांबणे एवढेच लागत होते.

मुलांवर लादलेले गुपित

लहान मुलाचे शोषण करणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो आणि त्याचे पहिले हत्यार ‘हे कोणाला सांगू नको’ हेच असते. म्हणून मुलांना लहानपणीच फरक शिकवावा: वाढदिवसाची भेट चार दिवस लपवणे ही गंमत, पण ज्या गोष्टीने भीती वाटते, अंग चोरावेसे वाटते, ती गोष्ट कोणी कितीही शपथ घातली तरी आईबाबांना किंवा बाईंना सांगायचीच. मुलाने सांगितले तर त्याच्यावर ओरडू नये, त्याला पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेतल्यासारखे विचारू नये. त्याने सांगितले हे चांगले केले आणि चूक त्याची नाही, एवढे स्पष्ट म्हणावे.

‘घराण्याची अब्रू’ म्हणून असे प्रकरण घरातल्या घरात मिटवणे हा अन्याय तर आहेच, कायद्यानेही ते चालत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा माहीत असलेल्या व्यक्तीने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास हाच कायदा मनाई करतो. मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या महिलेसाठी गुजरातमध्ये 181 अभयम ही सेवा आहे.

काय गुप्त राहावे

गुपित उघड करणे म्हणजे गावभर दवंडी पिटणे नव्हे. ज्याचा संबंध आहे त्याला सांगणे पुरेसे असते. आजार जोडीदाराला आणि डॉक्टरला कळावा, शेठला कळण्याची गरज नसते. एचआयव्ही बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास 2017 च्या कायद्याने बंदी आहे. मानसिक आजारावरच्या उपचारांची गोपनीयता हाही त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. जिथे सांगितल्यावर मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची खरी भीती आहे, तिथे आधी सुरक्षित जागा आणि विश्वासू माणूस पाहावा, मगच सांगावे. आणि दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली त्याची खाजगी बाब आपण परस्पर फोडू नये. अपवाद दोनच: कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर गप्प बसू नये.

सांगण्याची रीत

पहिली पायरी कागदाची. सांगण्याआधी सगळे देणे एका कागदावर लिहून काढावे: कोणाचे, किती, व्याज काय, पुढचा हप्ता कधी. आजार असेल तर रिपोर्ट आणि डॉक्टरांचा सल्ला जवळ ठेवावा. लिहिताना मनातला गोंधळ ओसरतो आणि पुष्कळदा कळते की भीती वाटत होती त्यापेक्षा आकडा लहान आहे, किंवा मोठा असला तरी त्याला टोक आहे.

दुसरी पायरी माणूस निवडण्याची. घरात थेट सांगणे जड जात असेल तर आधी मोठा भाऊ, मेव्हणा, जुना मित्र अशा एखाद्या शांत माणसाला सांगावे आणि घरात सांगताना त्याला सोबत घ्यावे. मात्र तिथेच थांबू नये. ज्याचे नुकसान होणार आहे त्याला कळल्याशिवाय काम पुरे होत नाही.

तिसरी पायरी वेळेची. मुले झोपल्यावर, भांडण चालू नसताना, कोणालाही कामावर पळायचे नसताना बसावे. वाक्ये लहान आणि सरळ असावीत: “तीन महिने झाले, माझं काम बंद आहे. दोन लाख दहा हजार देणं झालंय. घाबरलो म्हणून सांगितलं नाही. हा सगळा हिशेब. आता दोघं मिळून काय ते ठरवू.” इथे एक चूक फार महागात पडते. दोन लाख देणे असताना पन्नास हजारच सांगणे. उरलेले पुढच्या महिन्यात कळते आणि त्यानंतर खरे सांगितले तरी विश्वास बसत नाही. सांगायचे तर एकदाच आणि पूर्ण सांगावे.

ऐकणाऱ्याचे वागणे तितकेच महत्त्वाचे. राग येणे साहजिक आहे. फसवणूक झाल्याची भावनाही खरी आहे. पण पहिल्या पाच मिनिटांत टोमणे आणि शिव्या मिळाल्या तर पुढची गुपिते कधीच बाहेर येत नाहीत. “तुम्ही सांगितलं ते बरं केलं, आधी हिशेब पाहू,” एवढे म्हणता आले तरी पुरे. रागाचे बोलणे दोन दिवसांनीही करता येते.

चौथी पायरी कृतीची. दुसऱ्या दिवशी निदान एक काम करावे: बँकेत जाणे, जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडायचे ठरवणे, नवे ॲप-कर्ज बंद करणे, किंवा थुंकीची तपासणी. कायदेशीर सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवेचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक 15100. महिलांना प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर

गुपिताचा सर्वांत घातक परिणाम हाच. माणसाला वाटू लागते की उघडे पडण्यापेक्षा मरण बरे. बोलण्यातली निरवानिरवीची भाषा, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, एकाएकी गप्प होणे किंवा बऱ्याच दिवसांच्या तगमगीनंतर अचानक शांत होणे, ही लक्षणे दिसली तर सरळ विचारावे, “जिवाचं काही बरंवाईट करायचे विचार मनात येतात का?” असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे, विचारल्याने कोंडलेला माणूस बोलता होतो. त्याला एकटे सोडू नये. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत आणि गुजरातीतही बोलता येते. तातडीचा धोका असेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. असा प्रयत्न केलेल्या माणसाला आता गुन्हेगार मानून धरपकड होत नाही. तो तीव्र तणावाखाली होता असेच 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नयेत.

गेलेले काम पुन्हा मिळते, कर्जाला हप्ते बांधून मिळतात, क्षयाला औषध आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट कुटुंबाला कळल्यामुळे कुटुंब बुडत नाही. बुडते ते उशिरा कळल्यामुळे. ज्याच्या मनात अशी एखादी गोष्ट दडलेली आहे, त्याने आज रात्री हिशेबाचा कागद लिहावा आणि या आठवड्यात तो आपल्या माणसासमोर ठेवावा.